इंजिनाची बदली

बदली या शब्दाचा अर्थ सरकारी नोकराच्या मुलांना अक्षरओळख होण्याआधीच कळतो. ट्रंका भरायच्या, शाळेचे दाखले काढायचे आणि नव्या गावच्या पाण्याशी पोटाची समजूत घालायची. जबलपुरास आल्यावर मात्र हाच शब्द आम्हांस निराळ्या संदर्भात आठवू लागला. येथील रस्त्यांवर अजूनही एखादी जुनी ‘जोंगा’ दृष्टीस पडते. रूप सैन्यातले, आवाज मात्र भलत्याच गाडीचा. बॉनेटखालचा मूळचा अधिकारी केव्हाच निवृत्त झालेला असतो आणि त्याच्या खुर्चीवर दुसराच कोणी बसलेला असतो.

जोंगा ही जबलपूरचीच लेक. १९०४ मध्ये येथे तोफांचे गाडे बनविण्याचा कारखाना निघाला. त्याच कारखान्यात १९५९ पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागले. पुढे यशवंतराव चव्हाण १९६२ च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री झाले, तेव्हा डोंगरी रस्त्यांवर चालणाऱ्या वाहनांची निकड साऱ्या देशास कळून चुकली होती. १९६९ मध्ये वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. जपानच्या निस्सान पेट्रोलवरून घडविलेल्या गाडीस ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या नावाच्या आद्याक्षरांतून जोंगा हे नाव मिळाले. १९९९ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

तिचे मूळ इंजिन सहा सिलिंडरांचे, ३,९५६ घनसेंटीमीटरचे. ते दणकट होते, पण पेट्रोल पिण्यात अगस्तीचा अवतार! सैन्यात असेतो पेट्रोल सरकारचे होते. लिलावानंतर ते घेणाऱ्याच्या खिशातले झाले. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलवरील दरनियंत्रण उठेपर्यंत दोन्ही तेलांच्या भावांत चांगलेच अंतर असे. तेव्हा गॅरेजवाल्यांनी मूळ इंजिन उतरवून त्या जागी ट्रकाचे डिझेल इंजिन बसविले, यात नवल ते काय? खुद्द कारखान्यानेही शेवटच्या वर्षांत खासगी ग्राहकांसाठी अशोक लेलँडच्या हिनो डिझेल इंजिनाची जोंगा काढली. माहेरानेच बदलीवर शिक्कामोर्तब केले म्हणायचे.

ही प्रथा जोंगाहून जुनी आहे. अमेरिकेत फोर्डने १९३२ मध्ये आठ सिलिंडरांचे स्वस्त इंजिन काढले, आणि हौशी तरुण ते चार सिलिंडरांच्या जुन्या गाड्यांत घालू लागले. तेथे हेतू वेगाचा होता. आपल्याकडे तो पोटाचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेले शेव्हरोले आणि फोर्ड ट्रक मालवाहतुकीस लागले. कॅनडात बनलेल्या शेव्हरोलेचे पेट्रोल इंजिन साडेतीन लिटरांचे होते. त्याच्या जागी बसणारे पर्किन्सचे ‘पी-सिक्स’ डिझेल पावणेपाच लिटरांच्या घरातले. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पन्नाशीच्या दशकात हे इंजिन परवान्याने बनविले. मोडीत निघालेल्या कित्येक ट्रकांना त्याने दुसरा जन्म दिला.

परंतु मोठे इंजिन म्हणजे मोठी भाकरी नव्हे की ताटात वाढली आणि झाले. डिझेलमध्ये हवेवरील दाब पेट्रोलच्या दुपटीहून अधिक, म्हणून त्याची बांधणीही जड. हे वजन पुढच्या पाट्यांवर येते आणि गाडी नाक खाली घालून चालते. इंजिन ज्या पायांवर बसते ते तोडून नवे वेल्ड करावे लागतात. जुन्या गिअरबॉक्सशी त्याचे तोंड जुळेलच असे नाही. पी-सिक्ससारखे इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेऱ्यांवर थांबते; सबब मागील अॅक्सलचे दाते तेच ठेवले, तर ओढ वाढते पण पळ कमी होते. रेडिएटर आणि ब्रेक यांचाही पुनर्विचार करावाच लागतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी इंजिन बदलले, ब्रेक मात्र जुनेच ठेवले. घाट चढताना त्यांना गाडीचा अभिमान वाटला; उतरताना कुलदैवत आठवले.

आम्ही कागदांत वाढलेली माणसे. त्यामुळे या इतिहासाची कागदी बाजू आम्हांस अधिक खुणावते. १९३९ च्या मोटार कायद्यात मुख्य अपेक्षा नोंदीची होती: फेरबदलाची सूचना द्या, मंजुरी घ्या, पुस्तकात लिहून घ्या. १९८८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमाचे आजचे रूप अधिक कडक आहे. निर्मात्याने मुळात जे तपशील ठरविले, त्यांच्याशी विसंगत फेरबदल मालकास करता येत नाही. इंधन बदलण्यासाठीच्या रूपांतर-संचास अटींवर सवलत आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. पूर्वी प्रश्न होता, ‘नोंद आहे काय?’ आता प्रश्न आहे, ‘निर्मात्याने असे ठरविले होते काय?’

कायद्याचा हेतू रास्तच आहे. रस्त्यावर दुसऱ्यांचीही मुले चालतात. तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. आज जुन्या जोंगाचे मूळ रूप जपावे असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि बदललेल्या इंजिनाकडे पाहून ते नाक मुरडतात. पण त्या अनामिक मिस्त्रींनी तेव्हा पाने हातात घेतले नसते, तर यातील कित्येक गाड्या भंगारात वितळून गेल्या असत्या आणि जपण्यास सांगाडाही उरला नसता. मूळ इंजिन गेले खरे. गाडी मात्र राहिली.

म्हणून आम्हांस वाटते की या गाड्यांचा इतिहास लिहिताना दोन्ही इंजिनांची नोंद व्हावी: कारखान्यात बसविलेल्याची, आणि गॅरेजात बसविलेल्याचीही. आमच्या सेवापुस्तकात नाही का सगळ्या गावांची नोंद असते? पहिल्याच नेमणुकीच्या गावी कोणी आम्हांस जपून ठेवले नाही, आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही.