बाळाचा पहिला फोटो

तुमच्या घरातला जुना अल्बम काढून बघा. आजी-आजोबांचा लग्नानंतरचा फोटो सापडेल, शाळेच्या निरोप समारंभाचा सापडेल, कुणाच्या तरी बदलीच्या वेळचा हार घातलेला फोटोही सापडेल. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी जन्मलेल्या कुणाचा, तो आठ-दहा दिवसांचा असतानाचा फोटो सापडतो का? आमच्याकडे एकही नाही. नात्यातल्या सात-आठ घरांत मी मुद्दाम विचारलं, तिथेही नाही. कुणाचा जावळ काढल्यानंतरचा, कुणाचा दोन वर्षांचा असतानाचा, बाकीच्यांचा थेट शाळेतला.

"कॅमेरे कुठे होते तेव्हा? आणि पैसे तरी कुठे होते?" असं उत्तर लगेच येतं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. कारण ज्या घरांनी कोल्हापूरला जाऊन लग्नाचे फोटो काढून घेतले, त्या घरांनीही तान्ह्या बाळाचे काढले नाहीत. त्याचं कारण कॅमेऱ्यात शोधून सापडायचं नाही. ते बाळंतिणीच्या खोलीत सापडतं.

पण आधी कॅमेऱ्याचंच बघू. फोटो काढण्याची कला पॅरिसमध्ये जगजाहीर झाली १८३९ साली. ती आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या हिंदी फोटोग्राफरांपैकी एक. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफी शिकवायला वर्गही सुरू झाला. म्हणजे रेल्वे आली त्याच सुमारास फोटोही आला म्हणायला हरकत नाही.

त्या काळच्या फोटोला माणूस काही सेकंद तरी दगडासारखा बसावा लागे. मोठी माणसं मानेमागे लोखंडी टेकू घेऊन बसत. तान्हं बाळ कसं बसणार? युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंनी यावर एक युक्ती काढली. आईलाच खुर्चीत बसवायचं, तिच्या डोक्यावरून पडदा किंवा चादर टाकायची आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवायचं. फोटोत बाळ दिसतं आणि मागे खुर्चीसारखा एक विचित्र उंचवटा दिसतो. ती आई! असे असंख्य फोटो आज संग्रहांत आहेत. एकदा कळलं की मग बाळाकडे लक्षच जात नाही, चादरीखालच्या बाईकडेच जातं.

त्याच काळात तिकडे आणखी एक रीत होती. लहान मूल दगावलं की त्याला चांगले कपडे घालून, झोपल्यासारखं निजवून फोटो काढून घ्यायचे. कितीतरी आईबापांकडे लेकराचा तेवढाच एक फोटो असे. जिवंतपणी काढायचा राहून गेलेला.

आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या घरी फोटोग्राफर जात असत. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन बायका-मुलांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला होता. पण सामान्य माणसाला फोटोची भीती वाटे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ थाटला, आणि तिथेच १९०० च्या प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे बडोद्याला त्यांनी पुन्हा हा धंदा सुरू केला तर गावात बोलवा झाली की कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. धंदा बसला.

शाळेत शिकवताना ही गोष्ट सांगितली की मुलं हसायची. मी हसू द्यायची आणि मग विचारायची, "ज्या गावात दर वर्षी प्लेग नाहीतर पटकी येते आणि घरटी एखादं माणूस जातं, तिथे परवा फोटो काढलेला माणूस आज गेला असं कितीदा घडत असेल?" मग वर्ग गप्प व्हायचा. लोक मूर्ख नव्हते. त्यांच्याभोवती मरणच इतकं होतं की ते कशालाही जोडता यायचं.

आमचं कोल्हापूर तर कलानगरी. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते, त्यातूनच पुढे बाबूरावांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आमच्या लहानपणीही कोल्हापुरातल्या फोटो स्टुडिओंत असेच रंगवलेले पडदे असत. महाल, कारंजं, जिना, मागे चंद्र. आमचा एकुलता एक कुटुंबाचा फोटो अशाच एका पडद्यापुढचा आहे. कोडोलीहून सगळे एसटीने गेलो होतो. वडील खुर्चीत, आई शेजारी उभी, आम्ही भावंडं उंचीप्रमाणे. आईच्या कडेवर धाकटा भाऊ, दीड वर्षाचा. त्याच्या गालावर आईने काजळाची एवढी मोठी तीट लावली आहे की सगळ्या फोटोत सर्वांत काळं तेवढंच दिसतं. फोटोवाल्याने पुसायला सांगितली तर आई म्हणाली होती, "मग ऱ्हाऊ द्या. माझ्या लेकराला सोडून काढा." तीट राहिली.

आई नेहमी म्हणायची, "लेकरास्नी मोजू नये आन् फोटूत घालू नये." यातलं पहिलं समजलं की दुसरं आपोआप समजतं.

आता बाळंतिणीच्या खोलीत या. खोलीत अंधार, शेगडी, ओवा-शेपाची धुरी. बाळाला कुंची-टोपडं घालून असं गुंडाळलेलं की फक्त नाक दिसावं. सोयर असल्याने बाहेरच्यांना यायला बंदी. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजायची. बऱ्याच घरांत पूजेत कोरा कागद आणि पेन ठेवतात, कारण सटवाई रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते. बाराव्या दिवशी बारसं. तोवर बाळाला नावही नाही. नाव नाही, दर्शन नाही, कौतुक नाही. "किती गोड आहे हो" असं कुणी म्हटलं तर लगेच मीठ-मोहऱ्या उतरून टाकायच्या.

आणि ज्या घरात आधीची दोन-तीन मुलं गेलेली असत, तिथे बाळाचं नाव काय ठेवायचे? दगडू, धोंडू, भिकाजी, केरबा. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या हजेरीपटावर ही सगळी नावं होती. दगड, भीक, केर! मृत्यूला वाटावं, हे काही कामाचं नाही, आणि त्याने पुढच्या घरी जावं. असं नाव ठेवणारे आईबाप त्याच लेकराला मांडीवर घेऊन कॅमेऱ्यापुढे मिरवतील कसे? फोटो काढायचा म्हणजे बाळ जगणार असं धरून चालायचं, आणि तेवढं धाडस त्या काळच्या आईत नव्हतं.

ही भीती खोटी नव्हती, हे आकडे सांगतात. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १४६ पहिला वाढदिवस बघत नसत. म्हणजे दर सातांत एक. त्याआधी तर परिस्थिती याहून वाईट होती. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. म्हणजे बाराव्याच्या आतच. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात १८८५ साली जपानी आणि सीरियन मैत्रिणींबरोबर काढलेला त्यांचा साडीतला फोटो आज सगळ्या जगाला ठाऊक आहे. ज्या बाळामुळे तो फोटो निघाला, त्याचा चेहरा मात्र कुणालाच ठाऊक नाही.

आमच्या घरी असाच एक चेहरा आहे. माझ्या पाठचा भाऊ, बाळू. कोल्हापूरच्या त्या फोटोआधी काही वर्षं गोवराने गेला, वर्षाचा व्हायच्या आत. मी तेव्हा इतकी लहान की मला तो आठवत नाही. पुढे माझा मुलगा आठ महिन्यांचा असताना आई त्याच्याकडे एकटक बघत बसली आणि म्हणाली, "ह्यो आपल्या बाळूवानी दिसतोय बघ." मी फक्त "होय का?" म्हटलं. खरं-खोटं कशाशी ताडून बघणार? तो चेहरा फक्त आईकडे होता. आई गेली आणि तोही गेला.

मग बदललं काय? कॅमेरे स्वस्त झाले हे तर खरंच. १९८० नंतर आमच्या ओळखीतल्या घरांत हॉट शॉट कॅमेरे आले, रोल धुऊन आणायला पोरं कोल्हापूरला पळायची. पण त्याहून मोठी गोष्ट दवाखान्यात घडत होती. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, कोडोलीतही मिशनचा दवाखाना होता, आणि हळूहळू बाळंतपणं घरातल्या अंधाऱ्या खोलीतून तिकडे गेली. १९८५ पासून सरकारी लसीकरणात गोवराची लसही मिळू लागली. २०२० साली महाराष्ट्रातला बालमृत्यूचा दर हजारी १६ वर आला होता. मुलं जगायला लागली, आणि आधी वर्षाच्या वाढदिवसाचा, मग बारशाचा, मग दवाखान्यातल्या पाळण्यातला असा बाळाचा पहिला फोटो अलीकडे-अलीकडे सरकत आला. नावंही बदलली. माझ्या शेवटच्या हजेरीपटावर एकही केरबा नव्हता.

यात एक काळं पानही आहे आणि ते आमच्याच जिल्ह्याचं आहे, म्हणून लपवत नाही. फोटो सरकत सरकत जन्माच्याही अलीकडे गेला. सोनोग्राफी आली. जी आई कधी चादरीखाली लपून बाळाला पुढे करत होती, तिच्या पोटातलं बाळ आता पडद्यावर दिसू लागलं. आणि ते चित्र बघून, मुलगी आहे असं कळल्यावर काय केलं गेलं, ते २००१ च्या जनगणनेने सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली! गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला होता, तरीही हे असं. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारी उपकरणं इथे बसवली गेली. २०११ ला आकडा थोडा सुधारला. बाळ जगणार हा विश्वास आला खरा, पण कुठलं बाळ जगवायचं हे माणसं ठरवू लागली. सटवाईच्या कोऱ्या कागदावर आपणच लिहायला बसलो.

म्हणून गेल्या वर्षी माझ्या नातीला मुलगी झाली आणि तिने बाळाच्या फोटोंसाठी खास फोटोग्राफर बोलावली, तेव्हा घरातल्या काही मंडळींनी नाकं मुरडली तरी मला बरं वाटलं. हा आता मोठा व्यवसाय आहे. ॲन गेडिस या ऑस्ट्रेलियन बाईंचं फुलापानांत झोपलेल्या बाळांचं पुस्तक १९९६ साली आलं आणि जगभर त्याची लाट आली. ही मंडळी फोटो काढतात ते पहिल्या दोन आठवड्यांत, कारण तेव्हा बाळ गाढ झोपतं आणि पोटात असल्यासारखं अंग मुडपून घेतं. खोली उबदार ठेवतात, पंख्यासारखा संथ आवाज लावून ठेवतात. हनुवटीखाली हात घेतलेलं बाळ आपण बघतो ना, त्यात खरं तर मोठ्या माणसाचा हात बाळाला धरून असतो. दोन फोटो जोडून तो हात नाहीसा करतात. म्हणजे आई चादरीखाली लपायची, तसंच अजूनही कुणीतरी लपतंच!

आणि गंमत बघा, उबदार खोली, गुंडाळलेलं बाळ, पहिले बारा दिवस... बाळंतिणीचीच खोली ही. फक्त दार उघडं आहे.

माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, अट घातली की तीट लावल्याशिवाय फोटो नाही. लावली. फोटोग्राफर मुलीने नंतर विचारलं, "हा डाग कॉम्प्युटरवर काढून टाकू का?" नात म्हणाली, "नको, असू दे." आक्का खूश, मीही खूश.

आता एक मास्तरकीची सूचना. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावं, साल आणि गाव लिहून ठेवा. मोबाइलमधल्या हजार फोटोंतले दहा तरी कागदावर छापून घ्या. आणि ज्यांचा फोटोच नाही, अशी लेकरं तुमच्या आजीच्या, आईच्या आठवणीत असतील, तर त्या आहेत तोवर विचारून घ्या. नाव काय होतं, किती महिन्यांचं होतं, कुणासारखं दिसायचं. एका वहीत लिहा. मी आमच्या वहीत पहिली ओळ बाळूची लिहिली आहे.