नाव बंदराचे, कूळ बागेचे

तेलताडाचे बी लावणीसाठी परदेशातून आणायचे, तर आधी आयात परवाना काढावा लागतो, पाठवणाऱ्या देशाचा वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो आणि माल उतरल्यावर पुन्हा तपासणी होते. भारतात हे सारे २००३ च्या वनस्पती क्वारंटीन आदेशाने बांधलेले आहे आणि त्या आदेशाला आधार १९१४ च्या कायद्याचा आहे. ‘क्वारंटीन’ हा शब्द मात्र माणसांच्या साथीतून आला. रागुझाने, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिकने, १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस वेशीबाहेर ठेवले. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि इटालियन चाळिसाने नाव दिले. चाळीसच का, यावर वाद आहे. कोणी ईस्टरआधीच्या उपवासाकडे बोट दाखवतात, कोणी हिप्पोक्रेटिसच्या वैद्यकातल्या चाळिसाव्या दिवसाकडे. ताडाच्या बाबतीत हा वादच गैरलागू आहे. माणसाचा प्लेगसारखा रोग चाळीस दिवसांत उघडा पडतो, झाडाचा कधी कधी वर्षानुवर्षे दडून राहतो. म्हणून माझे म्हणणे असे की बियाण्याच्या क्वारंटीनने नाव बंदराचे घेतले, पण त्याचे कूळ वनस्पती-उद्यानात शोधावे.

पुरावा जावातल्या चार झाडांचा. तेलताड मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. १८४८ साली बोगोरच्या उद्यानात त्याची चार रोपे आली: दोन ॲमस्टरडॅमच्या उद्यानातून, दोन हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ किंवा मॉरिशस बेटावरून. यातले बेट नेमके कोणते, यावर अजून एकमत नाही. दुसरा वाद अधिक रंगतदार आहे. चौघांची संतती इतकी सारखी निघाली की चारही रोपे एकाच झाडाच्या बियांची असावीत, असे काहींना वाटते. तसे असेल तर बेटावरची जोडीही मुळात ॲमस्टरडॅमहूनच गेली असणार, आणि मला हेच पटते. पुढे सुमात्राच्या डेली भागात याच वंशाची लागवड पसरली आणि मलायातल्या मळ्यांचा पायाही त्याच ‘डेली’ वाणाने घातला. दोन्ही वाटांत एक गोष्ट समान आहे. आफ्रिकेतून जावात थेट कोणीच आले नाही. मधे एक तिसरा मुलूख होता, जिथे रोप कुंडीत किंवा वाफ्यात माळ्याच्या नजरेखाली राहिले. आज धोक्याचे रोपसाहित्य आधी तिसऱ्याच देशात वाढवून पाहतात, तेही असेच. बोगोरला ते नकळत घडले.

या गाळणीत काय अडकले असावे? आपल्याकडे हरभऱ्यावर आणि केळीवर येणारा ‘मर’ ज्या फ्युझेरियम बुरशीमुळे होतो, तिचाच एक प्रकार आफ्रिकेत तेलताड वाळवतो. ती बियाबरोबर प्रवास करू शकते. नारळाच्या करवंटीला तीन डोळे असतात, तसेच तेलताडाच्या इवल्या कवचालाही बहुधा तीन रंध्रे असतात. वर काथ्यासारखे धागे चिकटलेले. नुसते औषधात बुचकळून अशा फटींतली बुरशी मरेलच असे नाही. म्हणून बी निर्वात भांड्यात ठेवून हवा ओढून घेतात, म्हणजे औषध फटींत शिरते. आग्नेय आशियाच्या मळ्यांत हा मर अजून दिसलेला नाही. तिथल्या वाणात जन्मजात ताकद असेल, असा आक्षेप येतो. पण मलेशियाच्या रोपांवर आफ्रिकेतली बुरशी सोडून पाहिली, तेव्हा रोपे आजारी पडली. दुसरा आक्षेप वजनदार आहे: चारच रोपे आली, ती निव्वळ नशिबाने निरोगी असतील. हे मान्य. पण थोडेच आणणे आणि वाढवून पाहून मगच पुढे पाठवणे, हीच तर क्वारंटीनची रीत. नशिबाने पाळलेली रीतही रीतच. उलट उदाहरण ब्राझीलचे. तिथे १९८० च्या दशकात मर आढळला आणि ती बुरशी आयव्हरी कोस्टच्या बुरशीशी जवळून जुळली. तेलताड ब्राझीलच्या बाहिया भागात गुलामांच्या व्यापाराच्या काळीच पोहोचला होता, तेव्हा बुरशीही जुनीच असेल, असे कोणी म्हणेल. पण शतकांपूर्वी आलेल्या बुरशीत एव्हाना बराच फरक पडला असता. इतके साम्य आहे, तर संशय अलीकडच्या बियाण्यावरच जातो.

गाळणीला शत्रू-मित्र कळत नाही, हेही याच चार झाडांनी दाखवले. तेलताडाचे परागण वारा करतो, असा समज बराच काळ होता. मग मलेशियात फळधारणा कमी का, माणसे लावून हाताने पराग का टाकावा लागतो? कीटकतज्ज्ञ रहमान सय्यद यांनी कॅमेरूनमध्ये पाहिले की हे काम एक बारीक सोंड्या किडा करतो. माडात शिरणाऱ्या सोंड्या भुंग्याचा हा दूरचा नातलग, पण निरुपद्रवी. तो नर फुलोऱ्यात वाढतो, आणि मादी फुलोराही तसाच बडीशेपेचा वास सोडत असल्यामुळे फसून तिथे जातो. किडा फुलात राहणारा, म्हणून बियाबरोबर किंवा कोवळ्या रोपाबरोबर त्याला येताच आले नसते. तो इतर पिकांना त्रास देत नाही याची खात्री करून १९८१ साली मलेशियात सोडला, आणि हाताने पराग टाकण्याची गरज सरली. १९८५ मध्ये तो केरळातही आला. मळ्यांच्या मुळावर उठलेली गॅनोडर्मा बुरशी मात्र तिथल्याच मातीतली. तिच्यापुढे कोणताही दाखला चालत नाही. नियमांची मर्यादा इथे दिसते, तशी त्यांची किंमतही. १८४८ मध्ये रोग गाळला गेला त्याच चाळणीत सोबतीही अडकला, आणि तो १३३ वर्षांनी, रीतसर तपासणी होऊन, आपल्या झाडापाशी पोहोचला.