मुसोलिनी, बेनीतो : युद्धनेतृत्व

(२९ जुलै १८८३–२८ एप्रिल १९४५). इटलीचा फॅसिस्ट हुकूमशहा. ही नोंद १९४०–४३ मधील त्याच्या लष्करी नेतृत्वापुरती आहे.

यंत्रणा : १९३३ पासून युद्ध, नौदल व हवाई दल ही तिन्ही खाती मुसोलिनीने स्वतःकडे ठेवली. तरी संयुक्त आखणी झालीच नाही. प्रत्येक दल आपापला मार्ग धरी. १९३८ च्या फेररचनेत डिव्हिजनमधील पायदळाच्या तीन रेजिमेंटांच्या दोन केल्या. डिव्हिजनांची संख्या कागदावर फुगली.

युद्धप्रवेश : १० जून १९४० ला युद्ध पुकारले तेव्हा व्यापारी जहाजांचा सुमारे एक तृतीयांश ताफा परदेशी बंदरांत अडकला. फ्रान्सविरुद्धच्या आल्प्समधील अल्पकाळच्या चढाईत भर जूनमध्ये दोन हजारांहून अधिक सैनिकांना हिमदंश झाला.

ग्रीस : ग्रीसवरील स्वारी ठरवणाऱ्या १५ ऑक्टोबर १९४० च्या रोममधील बैठकीचे इतिवृत्त उपलब्ध आहे आणि ते मुळातून वाचण्याजोगे आहे. नौदल व हवाई दलाच्या प्रमुखांना बोलावणेच नव्हते. आल्बेनियातील इटालियन सेनापती व्हिस्कोंती प्रास्का याने विजयाची हमी दिली. सरसेनाप्रमुख बादोल्योने संपूर्ण ग्रीससाठी सुमारे वीस डिव्हिजन लागतील असे सांगितले. आल्बेनियात त्याच्या निम्म्याही नव्हत्या. मुसोलिनीने २६ तारीख ठरवून टाकली. याच महिन्यात सुमारे सहा लाख सैनिकांना घरी पाठवण्याचे काम सुरू होते! स्वारी २८ ला, ऐन पावसात सुरू झाली. काही आठवड्यांत ग्रीक फौजा उलट आल्बेनियात घुसल्या. मार्च १९४१ चा हल्ला पाहायला मुसोलिनी जातीने आघाडीवर गेला, तोही फसला. पुढे जर्मनीने ग्रीस जिंकला.

नौदल : ११–१२ नोव्हेंबर १९४० च्या रात्री तारांतो बंदरात ब्रिटिश विमानहल्ल्यात इटलीच्या तीन युद्धनौका निकामी झाल्या.

आफ्रिका : डिसेंबर १९४० ते फेब्रुवारी १९४१ मध्ये इजिप्त-लिबियात सुमारे १ लाख ३० हजार इटालियन सैनिक ब्रिटिशांच्या कैदेत गेले. एरिट्रियातील केरेन येथे मात्र इटालियन फौजांनी जवळजवळ आठ आठवडे कडवी झुंज दिली. त्यांच्यासमोरच्या भारतीय डिव्हिजनांत मराठा लाइट इन्फन्ट्रीही होती.

रशिया : १९४२ मध्ये तेथे इटलीचे दोन लाखांवर सैन्य होते, हिवाळ्यात त्याची वाताहत झाली.

मूल्यमापन : अपयशात सेनानींचा वाटा किती, याबद्दल मतभेद आहेत. युद्धानंतरच्या आठवणींत बहुतेक दोष मुसोलिनीच्या माथी आला. बादोल्योची साक्ष जपून घ्यावी लागते : २५ जुलै १९४३ ला राजाने मुसोलिनीला दूर करून पंतप्रधानपद बादोल्योलाच दिले.