परदेशी एअरलाइनचं तिकीट, पण माइल्स नक्की कुठे जमा करायचे?

मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो, लुफ्थान्साचं रिटर्न तिकीट. आई-बाबा मुलीकडे निघालेत, बुकिंग मुलगाच करतोय. पॅसेंजर डिटेल्स भरताना एक छोटा चौकोन येतो: 'फ्रिक्वेंट फ्लायर प्रोग्रॅम'. बहुतेक जण तो रिकामा सोडतात. काही जण लुफ्थान्सा म्हणजे लुफ्थान्साचाच प्रोग्रॅम असणार असं समजून 'माइल्स अँड मोअर'ला साइन अप करतात. पण त्या चौकोनाच्या ड्रॉपडाउनमध्ये सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड, एअर इंडिया अशी बरीच नावं दिसतात. ती तिथे का असतात आणि त्यातलं कोणतं निवडायचं, ते आज समजून घेऊ.

आधी थोडं बॅकग्राउंड

एअरलाइन्सचे तीन मोठे गट आहेत: स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००). एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. लुफ्थान्सा, सिंगापूर, टर्किश, युनायटेड, एअर कॅनडाही त्यातच. ब्रिटिश एअरवेज, कतार, कॅथे पॅसिफिक हे वनवर्ल्डवाले. एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा स्कायटीमवाले. एमिरेट्स आणि एतिहाद कोणत्याच गटात नाहीत, त्यांचे एकेका कंपनीशी वेगळे करार असतात.

नियम सोपा आहे. एका गटातल्या कोणत्याही एअरलाइनने उडा, माइल्स त्याच गटातल्या दुसऱ्या एअरलाइनच्या खात्यात जमा करता येतात. मात्र एका फ्लाइटचे माइल्स एकाच खात्यात जातात, दोन्हीकडे घेता येत नाहीत.

तांत्रिक बाजू ज्यांना आवडते त्यांच्यासाठी: तुमचा नंबर पीएनआरमध्ये 'एफक्यूटीव्ही' नावाच्या फील्डमध्ये बसतो, सोबत प्रोग्रॅमचा दोन अक्षरी कोड. फ्लाइट झाली की ऑपरेट करणारी एअरलाइन हा डेटा त्या प्रोग्रॅमला पाठवते. त्यामुळे उडण्याआधी नंबर कितीही वेळा बदला, काही बिघडत नाही. उडाल्यानंतर बदलायला गेलात तर मात्र ईमेलवर ईमेल करत बसावं लागतं.

एका अक्षराचा खेळ

ई-तिकिटावर 'क्लास'च्या रकान्यात इकॉनॉमीपुढे एक अक्षर असतं: वाय, एम, के, एल वगैरे. ही बुकिंग क्लास. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांची अक्षरं वेगळी असू शकतात, कारण त्यांनी वेगळ्या भावात तिकीट घेतलंय. पार्टनर प्रोग्रॅममध्ये माइल्सचं गणित साधारण असं असतं: अंतर गुणिले त्या अक्षराची टक्केवारी. ही टक्केवारी प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः ठरवतो. एकाच अक्षराला कोणी ५० टक्के देतं, कोणी २५, कोणी चक्क शून्य.

याउलट स्वतःच्या फ्लाइट्सवर बऱ्याच एअरलाइन्स आता अंतर बघतच नाहीत, तुम्ही किती पैसे दिलेत ते बघतात. डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्येच हा बदल केला. माइल्स अँड मोअरमध्ये लुफ्थान्साच्या तिकिटावर साध्या मेंबरला एका युरोमागे ४ माइल्स मिळतात, सरकारी टॅक्स वगळून.

आता आई-बाबांचं तिकीट घ्या. मुंबई–फ्रँकफर्ट सुमारे ४,०८० मैल, फ्रँकफर्ट–शिकागो सुमारे ४,३४०. जाऊन-येऊन १६,८०० च्या आसपास. समजा टॅक्स सोडून भाडं ८०,००० रुपये आणि हिशोबाला युरो १०० रुपयांचा धरला. माइल्स अँड मोअरमध्ये माणशी ३,२०० माइल्स. तेच तिकीट अशा पार्टनरकडे टाकलं जो त्या अक्षराला ५० टक्के देतो, तर ८,४००. २५ टक्केवाल्याकडे ४,२००. आणि शून्यवाल्याकडे भोपळा! स्वस्त तिकीट आणि लांबचा प्रवास असेल तर अंतरावर माइल्स देणारा पार्टनर बहुधा जिंकतो. ऑफिसने शेवटच्या क्षणी काढलेलं महागडं तिकीट असेल तर उलटही होऊ शकतं.

ही टक्केवारी प्रत्येक प्रोग्रॅमच्या साइटवर पार्टनर एअरलाइनच्या पानावर असते. 'व्हेअर टू क्रेडिट' नावाच्या साइटवर एअरलाइन आणि अक्षर टाकलं की सगळ्या प्रोग्रॅम्सची तुलना एकत्र दिसते. तरी शेवटी मूळ पान उघडून खात्री कराच, हे तक्ते मधूनमधून बदलतात.

अजून एक फसवी जागा म्हणजे कोडशेअर. तिकिटावर नंबर एकाचा, विमान दुसऱ्याचं. अशा वेळी टक्केवारी कोणाच्या तक्त्यातून धरायची हे प्रोग्रॅमप्रमाणे बदलतं. तिकीट कोणी इश्यू केलंय हे १३ आकडी तिकीट नंबरच्या पहिल्या तीन आकड्यांवरून कळतं: एअर इंडिया ०९८, लुफ्थान्सा २२०, युनायटेड ०१६, सिंगापूर ६१८.

जास्त माइल्स म्हणजे चांगला प्रोग्रॅम? नाही

इथे मी स्वतः आपटलोय. पहिल्या ऑनसाइटला एका युरोपियन एअरलाइनने गेलो, उत्साहात तिच्याच प्रोग्रॅममध्ये खातं उघडलं. दोन ट्रिपांचे माइल्स साठले. फ्री तिकिटाला थोडे कमी पडत होते, म्हटलं पुढच्या ट्रिपला बघू. पुढची ट्रिप आलीच नाही, प्रोजेक्ट बंद झाला. तीन वर्षांनी खातं उघडलं तर बॅलन्स शून्य. चूक माझीच, एक्स्पायरीचा नियम वाचलाच नव्हता.

त्यामुळे माझ्या मते वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी उडणाऱ्यांनी आधी एक्स्पायरी बघावी, टक्केवारी नंतर. माइल्स अँड मोअर आणि सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये माइल्स साधारण ३६ महिन्यांत संपतात, तुम्ही मध्ये उडालात तरी जुने माइल्स जातातच. ब्रिटिश एअरवेजमध्येही ३६ महिने, पण तिथे खात्यात काहीतरी हालचाल झाली की घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून. युनायटेडने २०१९ मध्ये एक्स्पायरीच काढून टाकली. दोन-तीन वर्षांतून एकदा मुलांकडे जाणाऱ्या आई-बाबांसाठी हा फरक टक्केवारीपेक्षा मोठा आहे.

दुसरा प्रश्न, वापरणार कुठे? माइल्स देऊन तिकीट घेतलं तरी टॅक्स भरावे लागतात. काही प्रोग्रॅम त्यावर एअरलाइनचा सरचार्जही लावतात, आणि मग 'फ्री' तिकिटाचं बिल बघून घाम फुटतो. युनायटेड आणि एअर कॅनडाचा एरोप्लॅन असा सरचार्ज लावत नाहीत. तुमचा प्रवास मुख्यतः देशातच असेल तर एअर इंडियाचा महाराजा क्लब (पूर्वीचा फ्लाइंग रिटर्न्स) सोयीचा, कारण मुंबई–दिल्लीसारख्या फ्लाइटवरही माइल्स वापरता येतात. क्रिसफ्लायरचा फायदा वेगळाच आहे: काही भारतीय क्रेडिट कार्डांचे पॉइंट्स तिथे ट्रान्सफर होतात, त्यामुळे कमी पडलेले माइल्स भरून काढता येतात. माझ्याकडे तेव्हा तसं कार्ड असतं तर वरचा किस्सा लिहावा लागला नसता.

वर्षाला चार-पाच लांबच्या फ्लाइट्स होत असतील तर स्टेटसचा विचार करा. स्टार अलायन्स गोल्ड झालात की गटातल्या इतर एअरलाइन्सवरही लाउंज, प्रायोरिटी चेक-इन आणि जादा सामान मिळतं. सगळ्या फ्लाइट्स एकाच खात्यात टाकल्या तरच ते जमतं. चार प्रोग्रॅममध्ये थोडे-थोडे माइल्स म्हणजे कशालाच पुरेसे नाहीत.

आणि गट कायमचे नसतात. एसएएस ही स्टार अलायन्सची संस्थापक सदस्य, पण सप्टेंबर २०२४ मध्ये स्कायटीममध्ये गेली. दूरचा बेत आखून माइल्स साठवत बसण्यात अर्थ नाही.

नावाचा घोळ

हा आपल्याकडचा खास प्रॉब्लेम. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, तिकिटावर तसंच. पण प्रोग्रॅमच्या खात्यात फक्त पहिलं नाव आणि आडनाव. मग सिस्टिमला नाव जुळत नाही आणि माइल्स जमा होत नाहीत. लग्नानंतर नाव बदललं असेल तर हमखास. खातं उघडताना पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच टाइप करा. आई आणि बाबा, दोघांची वेगळी खाती लागतील; एकाचे माइल्स दुसऱ्याच्या नंबरवर जात नाहीत.

चेक-इनला बोर्डिंग पास हातात आला की त्यावरचा नंबर आणि त्याआधीचा कोड बघा. चुकीचा असेल तर काउंटरवरच सांगा, मिनिटाचं काम आहे. नंबर टाकायचा राहूनच गेला असेल तरी बहुतेक प्रोग्रॅम काही महिने 'मिसिंग माइल्स'चा क्लेम घेतात. त्यासाठी बोर्डिंग पास आणि तिकीट नंबर लागतो, म्हणून माइल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. निदान फोटो काढून आईच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, तिच्याकडून काही डिलीट होत नाही.