'चश्मेबद्दूर' : रिकाम्या खिशांची आणि टपरीवरच्या उधारीची गोष्ट

'चश्मेबद्दूर' हा १९८१ साली प्रदर्शित झालेला हिंदी विनोदी चित्रपट. लेखन-दिग्दर्शन पुण्यात वाढलेल्या सई परांजपे यांचं, निर्माते गुल आनंद. सईंनी आधी दूरदर्शनसाठी केलेल्या 'धुआँ धुआँ' या टेलिफिल्ममध्ये त्याचं बीज होतं.

दिल्लीत गच्चीवरच्या एका खोलीत तिघं राहतात. सिद्धार्थ (फारुख शेख) पुस्तकात डोकं खुपसून बसणारा. ओमी (राकेश बेदी) शायरीचा आणि जोमो (रवी बासवानी) सिनेमाचा शौकीन. या दोघांना दिवसभर काहीच काम नाही. एक सिगारेट तिघांत फिरते आणि लल्लन मियाँच्या (सईद जाफरी) पानटपरीवर उधारी वाढत राहते. जुन्नर, नारायणगाव, मंचरहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहिलेल्यांना ही खोली आणि हा हिशोब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

ओमी आणि जोमो नेहाला (दीप्ती नवल) पटवायला जातात आणि हात हलवत परततात. खोलीवर मात्र दोघंही विजयाच्या खोट्या कहाण्या रंगवतात. पडद्यावर त्या फिल्मी गाण्यांच्या थाटात दिसतात, म्हणजे टिंगल पोरांची होते तशी हिंदी सिनेमाचीही. पुढे 'चमको' पावडर विकायला दारात आलेली नेहा सिद्धार्थला भेटते. तिचं ते प्रात्यक्षिक हा चित्रपटातला सगळ्यात गाजलेला प्रसंग.

मग विनोदाला धार येते. सिद्धार्थला नोकरी लागते, प्रेमही जमतं; खोलीतली बरोबरी मोडते. आपली फुशारकी उघडी पडेल या धास्तीने आणि थोड्या मत्सराने मित्र नेहाविषयी खोटं बोलतात आणि सिद्धार्थ त्यावर विश्वास ठेवतो. रिकामटेकड्यांची गंमत इथे एका मुलीच्या बदनामीपर्यंत पोहोचते, आणि सई ते सौम्य करून दाखवत नाहीत. शेवटचा अपहरणाचा भाग मात्र लांबलेला वाटतो.

भव्य सेट नाहीत. तेव्हाचे मोठे तारे, अमिताभ बच्चन आणि रेखा, दिसतात ते क्षणभर पाहुणे म्हणून.

हाच विषय पुढे मराठीत भाडिपाच्या 'बी.ई. रोजगार' या वेब सीरिजमध्ये आला. तिथे इंजिनीअर होऊनही बेकार असलेली मुलं आहेत. 'चश्मेबद्दूर'चा डेव्हिड धवन यांनी केलेला रिमेक ५ एप्रिल २०१३ रोजी आला. त्याच दिवशी मूळ चित्रपटही पुन्हा थिएटरमध्ये लागला.