जेऊर येथील खग्रास सूर्यग्रहण (२२ जानेवारी १८९८) : एका वेधमोहिमेच्या नियोजनाचा इतिहास

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासाचा विचार करताना कापडगिरण्या, १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे, दुष्काळ व उजनी धरण हे विषय अभ्यासकांसमोर सहजपणे येतात. विज्ञानाच्या इतिहासात या जिल्ह्याला स्थान असेल, अशी कल्पना मात्र सहसा केली जात नाही. सोलापूर शहरातील सात रस्ता परिसरातून रोज ये-जा करणाऱ्या शेकडो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना करमाळा तालुक्यातील जेऊर हे पुण्याच्या वाटेवरील एक रेल्वेस्थानक म्हणून ठाऊक असते. तथापि २२ जानेवारी १८९८ रोजी, शके १८१९ च्या पौष अमावास्येला, शनिवारी दुपारी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी याच जेऊरच्या परिसरात अमेरिकेतील लिक वेधशाळा आणि पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा या दोन संस्थांच्या तुकड्या आपापली उपकरणे रोखून सज्ज होत्या. प्रस्तुत लेखात या मोहिमांचे नियोजन कसे झाले, त्यामागे कोणत्या आर्थिक व संस्थात्मक व्यवस्था होत्या आणि त्यातील भारतीय प्रयत्नाचे पुढे काय झाले, याचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी : १८६८ ते १८९८

भारतातून खग्रास ग्रहणाचे शास्त्रीय वेध घेण्याची आधुनिक परंपरा १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणापासून ठळकपणे दिसते. त्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी जमखिंडी येथून सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. या ज्वाला वायुरूप असल्याचे त्यातून सिद्ध झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, ज्वालांच्या वर्णपटातील पिवळ्या रेषेचा वेध घेतला व पुढे तिचा संबंध हेलियम या नव्या मूलद्रव्याशी जोडला गेला.

येथे एका रूढ समजाची दुरुस्ती करणे आवश्यक आहे. लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे अनेक ठिकाणी लिहिले जाते. वस्तुतः १८६८ मध्ये लॉकियर भारतात नव्हते. ते विजयदुर्गला आले ते १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरील ‘साहेबाचे कट्टे’ या नावाशी निगडित स्मृतीचा विचार करताना ही तीस वर्षांची तफावत लक्षात घेतली पाहिजे. लोकस्मृतीने दोन ग्रहणे एकत्र केली. एका स्थळाला शोधाचे श्रेय मिळाले आणि त्याच ग्रहणपट्ट्यातील दुसरे स्थळ, म्हणजे जेऊर, विस्मृतीत गेले.

स्थळनिवडीचे निकष

चंद्राच्या गडद छायेचा पट्टा हजारो किलोमीटर लांब असला, तरी त्याची रुंदी फारच मर्यादित असते. १८९८ च्या ग्रहणाचा पट्टा शंभर किलोमीटरच्या आतबाहेर रुंदीचा होता. कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गच्या परिसरातून प्रवेश करून तो दख्खन, वऱ्हाड व मध्य प्रांत ओलांडत ईशान्येकडे गेला. या पट्ट्याच्या कडेला खग्रास अवस्था काही सेकंदच टिकते व मध्यरेषेवर ती सर्वाधिक काळ टिकते. जेऊर येथे हा काळ सुमारे दोन मिनिटांचा होता. महिनोन्‌महिन्यांची तयारी आणि समुद्रापारचा प्रवास या दोन मिनिटांसाठी होता, ही गोष्ट ग्रहणमोहिमेच्या नियोजनाचे स्वरूप ठरविते.

स्थळ निवडताना प्रामुख्याने तीन निकष पाहिले जात. पहिला निकष हवामानाचा. दख्खनच्या पठारावर जानेवारीत आकाश बहुधा निरभ्र असते. जो कोरडेपणा सोलापूरच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या जाचत आला, तोच ज्योतिर्विदाला इष्ट ठरला. दुसरा निकष दळणवळणाचा. जी.आय.पी. रेल्वेचा पुण्याहून येणारा फाटा १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला होता व दौंड आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यानचे जेऊर स्थानक ग्रहणपट्ट्यात येत होते. नाजूक भिंगे, लोलक आणि काचेच्या छायाचित्रण-प्लेटा बैलगाडीतून दूरवर नेण्यापेक्षा रेल्वेने थेट वेधस्थळाजवळ उतरविणे केव्हाही सुरक्षित होते. तिसरा निकष विभागणीचा. सर्व तुकड्या एकाच ठिकाणी थांबल्या आणि तेथे ढग आले, तर सर्वांचेच श्रम वाया जाणार. म्हणून लॉकियर विजयदुर्ग येथे, न्यूऑल व कॅप्टन हिल्स वर्ध्याजवळील पुलगाव येथे, राजज्योतिषी ख्रिस्ती व टर्नर शहडोल येथे, तर ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे मॉन्डर दांपत्य व एव्हरशेड विदर्भातील तळणी येथे, अशी विभागणी झाली. सुदैवाने ग्रहणाच्या दिवशी भारतात सर्वत्र आकाश स्वच्छ राहिले.

प्लेग व दुष्काळाची छाया

या मोहिमांचा काळ महाराष्ट्राच्या दृष्टीने अत्यंत खडतर होता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला व तो पुण्यासह इतरत्र पसरला. १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये रेल्वे प्रवाशांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्यानंतर राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ‘ओरायन’ या ग्रंथात नक्षत्रस्थितीवरून वेदकाल ठरविणारे टिळक या ग्रहणाच्या दिवशी तुरुंगात होते. १८९६-९७ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हाही होरपळून निघाला होता.

अशा परिस्थितीत ज्या लोहमार्गाने दुष्काळी भागात धान्य येत होते आणि ज्या मार्गावर प्लेगसाठी प्रवाशांची झडती घेतली जात होती, त्याच मार्गाने दुर्बिणींच्या पेट्या जेऊरला उतरल्या. वसाहतकालीन विज्ञानाचा इतिहास लिहिताना या दोन चित्रांपैकी एकच चित्र पाहणे अपुरे ठरते. रेल्वे ही येथे विज्ञानाची वाहक होती. तितकीच ती शासकीय नियंत्रणाचीही वाहक होती.

लिक वेधशाळेची तुकडी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लिक वेधशाळेने विल्यम वॉलेस कॅम्बेल यांच्या नेतृत्वाखाली तुकडी पाठविली. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ कॅम्बेल याही मोहिमेत सहभागी होत्या. खर्चाचा भार रेल्वे-उद्योजक चार्ल्स फ्रेडरिक क्रॉकर यांच्या देणगीने उचलला. क्रॉकर यांचे १८९७ च्या मध्यास निधन झाले, तथापि मोहीम त्यांच्याच नावाने पार पडली.

या तुकडीचे सर्वांत लक्षणीय उपकरण म्हणजे चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा. शेबर्ले यांनी रचलेला हा कॅमेरा १८९३ मध्ये चिलीतील ग्रहणासाठी प्रथम वापरला गेला होता. इतक्या लांब कॅमेऱ्यात सूर्याची प्रतिमा सुमारे अकरा सेंटिमीटर व्यासाची मिळते आणि सूर्याभोवतालच्या किरीटाची, म्हणजे करोनाची, सूक्ष्म रचना टिपता येते. परंतु एवढी लांब नळी सूर्याच्या गतीनुसार फिरविणे अशक्यप्राय. म्हणून भिंग उंच मनोऱ्यावर स्थिर बसवायचे, नळी ग्रहणसमयीच्या सूर्याकडे आधीच रोखून ठेवायची आणि खाली प्लेट मात्र घड्याळयंत्राने प्रतिमेच्या वेगाने सरकवायची, अशी योजना होती. याचा अर्थ असा की, सूर्य त्या क्षणी आकाशात नेमका कोठे असेल याचे गणित चुकले, तर संपूर्ण उपकरण निरुपयोगी ठरणार होते. वाऱ्याने नळी हलू नये म्हणून वेगळा आधार उभारणे, धूळ रोखणे व प्लेटांसाठी अंधारखोलीची व्यवस्था करणे ही कामेही तितकीच महत्त्वाची होती.

प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र माणूस लागत असल्याने अशा मोहिमांत स्वयंसेवकांची मदत घेतली जाई व त्यांच्याकडून पुनःपुन्हा सराव करून घेतला जाई. एकाने सेकंद मोजावेत, दुसऱ्याने झाकण उघडावे, तिसऱ्याने प्लेट बदलावी. खग्रास अवस्थेत प्रत्यक्ष सूर्याकडे पाहण्याची उसंतही अनेकांना मिळत नसे. ग्रहणमोहीम ही एका प्रतिभावंताची करामत नसून शिस्तबद्ध सामूहिक श्रमाची परिणती असते, हे यावरून स्पष्ट होते.

जेऊरच्या परिसरात अमेरिकेतीलच शॅबो वेधशाळेचे बर्कहॉल्टर यांचीही तुकडी होती. किरीटाचा आतील भाग तेजस्वी व बाहेरील भाग मंद असल्याने एकाच छायाचित्रात दोन्ही नीट येत नाहीत. ही अडचण दूर करण्यासाठी त्यांनी कॅमेऱ्यात फिरते झाकण योजून आतील भागाला कमी व बाहेरील भागाला अधिक प्रकाशन देण्याची युक्ती अवलंबिली होती.

पुण्याची तुकडी व कावसजी नायगमवाला

जेऊरच्या इतिहासातील अधिक महत्त्वाचा, परंतु उपेक्षित भाग म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८) यांची मोहीम. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी १८८२ मध्ये दिलेली देणगी व मुंबई सरकारने घातलेली भर यांतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढील अभियांत्रिकी महाविद्यालयात, वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीने घडविलेली वीस इंची परावर्ती दुर्बीण हे तिचे वैभव होते. १८९८ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन तुकड्यांच्या बरोबरीने एका भारतीय शास्त्रज्ञाने स्वतःच्या नेतृत्वाखाली ग्रहणाचे वर्णपटीय वेध घेतले, ही भारतीय विज्ञानेतिहासातील नोंद घेण्याजोगी घटना होय. या वेधांचा सविस्तर अहवाल वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून १९०२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला.

या घटनेचे महत्त्व समकालीन मराठी ज्योतिषपरंपरेच्या संदर्भात पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून पाश्चात्त्य गणित मराठीत आणले होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये बाहेर पडला होता. ग्रहण केव्हा लागेल हे सांगणारी गणितपरंपरा महाराष्ट्रात अशी समृद्ध होती. नायगमवाला यांचा प्रश्न मात्र वेगळा होता. ग्रहण केव्हा, हा तो प्रश्न नव्हता. ग्रहणात दिसणारे तेज कशाचे, हा होता. पहिल्या प्रश्नाला पंचांगकर्त्याची पाटी पुरते. दुसऱ्याला प्रयोगशाळा, निधी, सहायक आणि वर्षानुवर्षे टिकणारी संस्था लागते.

वेधांचे फलित

१८९८ च्या वेधांतून जी फलिते हाती आली, त्यांपैकी किरीटाच्या वर्णपटातील हरित रेषेचे मापन विशेष महत्त्वाचे. या रेषेची तरंगलांबी पूर्वी ५३१७ अँगस्ट्रॉम मानली जात होती. विजयदुर्ग येथील लॉकियर व जेऊर येथील कॅम्बेल यांच्या छायाचित्रांवरून ती ५३०३ च्या आसपास असल्याचे निश्चित झाले. चौदा अँगस्ट्रॉमचा हा फरक क्षुल्लक नव्हता. पूर्वीच्या मापनामुळे ती रेषा सूर्याच्या खालच्या थरातील लोखंडाच्या एका परिचित रेषेशी जुळते असे वाटत होते. तो आधारच नाहीसा झाला. मग ‘कोरोनियम’ या अज्ञात मूलद्रव्याची कल्पना अधिकच बळावली. १९४० च्या दशकाच्या प्रारंभी स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांनी दाखवून दिले की, ही रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाचीच आहे. म्हणजेच किरीटाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे. लोखंडच, पण सर्वस्वी निराळ्या अवस्थेतील! या दीर्घ साखळीतील एक दुवा सोलापूर जिल्ह्याच्या माळरानावर जोडला गेला. तळणी येथे एव्हरशेड यांनी टिपलेला जंबुपार वर्णपट आणि ॲनी मॉन्डर यांनी टिपलेला किरीटाचा अतिशय लांब झोत हीदेखील याच ग्रहणाची देणगी होय.

मोहिमेनंतर

तुलनेने पाहता जेऊरला दोन प्रकारची अर्थव्यवस्था शेजारी शेजारी उभी होती. लिक वेधशाळेला खासगी देणगी मिळाली, परंतु देणगीमागे विद्यापीठाची कायमस्वरूपी संस्था होती. म्हणून तिच्या ग्रहणमोहिमा पुढील कित्येक दशके चालू राहिल्या आणि जेऊरला आलेले कॅम्बेल १९०१ पासून त्या वेधशाळेचे संचालक झाले. याउलट पुण्याची वेधशाळा संस्थानिकाची देणगी, सरकारची मर्जी आणि एका प्राध्यापकाची निष्ठा यांवर तोललेली होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त होताच ती बंद करण्यात आली व तिची उपकरणे कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेकडे रवाना झाली. दुर्बीण गेली, तिच्याबरोबर पुण्यात रुजू पाहणारी खगोलभौतिकीच्या अध्यापनाची परंपराही खंडित झाली. व्यक्तीच्या निवृत्तीने जे संपते, त्याला संस्था म्हणता येईल काय, हा प्रश्न या घटनेने उपस्थित केला आहे आणि तो केवळ १९१२ पुरता मर्यादित नाही.

निष्कर्ष

जेऊरच्या मोहिमांच्या अभ्यासातून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, ग्रहणमोहिमेचे यश हे आकाशाइतकेच रेल्वे, निधी, सराव व श्रमविभागणी यांवर अवलंबून होते. दोन, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय शास्त्रज्ञ अशा मोहिमेचे स्वतंत्र नेतृत्व करण्यास समर्थ होते. उणीव होती ती सातत्य राखणाऱ्या संस्थात्मक पाठबळाची. तीन, स्थळाची स्मृती ही त्याच्या महत्त्वावर नव्हे, तर ती जपणाऱ्या माणसांवर अवलंबून असते. विजयदुर्गाला कट्टे आणि दरवर्षी साजरा होणारा हेलियम दिन लाभला. जेऊरच्या वाट्याला तसे काही आले नाही.

भारताच्या भूमीवरून यानंतरचे खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ रोजी लडाख व काश्मीरच्या परिसरातून दिसणार आहे. त्यासाठी मोहीम आखू इच्छिणाऱ्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी जेऊरच्या नियोजनाचा अभ्यास अवश्य करावा. तसेच जिल्ह्यातील इतिहास विभागांनी २२ जानेवारी हा दिवस जेऊर येथे व्याख्यान व अभ्यासभेटीच्या रूपाने पाळण्यास प्रारंभ करावा. स्थानकाच्या परिसरात या घटनेची नोंद देणारा एक साधा फलक लावला गेला, तरी पुण्या-मुंबईच्या गाडीत बसलेल्या विद्यार्थ्याला आपल्या जिल्ह्याचा विज्ञानाशी असलेला संबंध खिडकीतूनच वाचता येईल.