दुबईला कुटुंब न्यायचंय? फॅमिली व्हिसाचं काम गावातल्या ग्रामपंचायतीपासूनच सुरू होतं

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस आखातात नोकरीला आहे. दोन-चार वर्षं एकट्याने काढली, पगार जरा बरा झाला, की बायको-मुलांना तिकडे न्यायचा विचार सुरू होतो. मग एजंट गाठला जातो, तिकिटाची चौकशी होते. पण फाइल अडते ती बहुतेक वेळा लग्नाच्या दाखल्यावर. हा दाखला दुबईत नाही, गावात मिळतो. दुबई, अबुधाबी, शारजा ही शहरं ज्या देशात येतात त्या संयुक्त अरब अमिरातीत (युएई) कुटुंबाला राहण्याचा परवाना कसा मिळतो, याची ही माहिती.

कोण बोलावू शकतो?

युएईत रेसिडन्सी असलेला नोकरदार बायको-मुलांना स्वतःच्या नावावर बोलावू शकतो. त्याला तिकडे 'स्पॉन्सर' म्हणतात. पगार महिना किमान ४,००० दिरहम असावा, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय असावी. पूर्वी ठरावीक हुद्द्यांवरच्या लोकांनाच ही मुभा होती. २०१९ पासून हुद्दा न बघता उत्पन्न बघितलं जातं. त्यामुळे ड्रायव्हर, वेल्डर, हॉटेल कामगारही पगाराच्या अटीत बसत असेल तर अर्ज करू शकतो.

पगार कागदावर दिसला पाहिजे. हातात ४,५०० येतात पण करारात ३,००० लिहिलेत, असं असेल तर अडचण येते. भाड्याच्या घराचा नोंदणी केलेला करारही लागतो. दुबईत या नोंदणीला 'इजारी' म्हणतात. कामगारांच्या कॅम्पमधल्या कॉटवर कुटुंबाचा परवाना होत नाही.

मुलगी अविवाहित असेपर्यंत वडिलांच्या नावावर राहू शकते. अविवाहित मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत ही सोय आहे. आई-वडिलांना न्यायच्या अटी वेगळ्या आणि बऱ्याच कडक आहेत.

गावात करायची कामं

१) विवाह नोंदणी : लग्नपत्रिका, फोटो किंवा नुसता निकाहनामा चालत नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा विवाह निबंधकांकडचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. गावात हे काम ग्रामसेवकाकडे होतं. लग्नाला दहा वर्षं झाली असली तरी नोंदणी करता येते, उशिराचं शुल्क भरावं लागतं. नवरा सुट्टीवर गावी असतानाच हे काम उरकून घ्यावं, कारण नोंदणीसाठी दोघांच्या सह्या आणि साक्षीदार लागतात.

२) मुलांचा जन्मदाखला : दाखल्यावर मुलाचं नाव असलं पाहिजे. बऱ्याच जुन्या नोंदींत नावाची जागा कोरीच असते. तसं असेल तर आधी नाव चढवून घ्यावं.

३) नावं जुळवणं : नवऱ्याच्या पासपोर्टवर एक स्पेलिंग, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं, बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि दाखल्यावर सासरचं, असा घोळ घरोघरी असतो. एका अक्षराच्या फरकानेही फाइल परत येऊ शकते. सगळे कागद एका टेबलावर मांडून पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघावं. दुरुस्ती पुढचे शिक्के मारण्याआधी करावी. नंतर केली तर सगळे शिक्के पुन्हा घ्यावे लागतात.

शिक्क्यांची साखळी

लग्नाचा दाखला तयार झाला की त्याचं अटेस्टेशन करावं लागतं. क्रम ठरलेला आहे. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, त्यानंतर भारतातल्या युएईच्या दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा आणि शेवटी युएईतल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. नंतर तिकडच्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडून अरबी भाषांतर. मधला एखादा शिक्का राहिला तर पुढचा मिळत नाही.

इथेच फसवणूक जास्त होते. 'चार दिवसांत सगळं करून देतो' म्हणणाऱ्याने खोटा शिक्का मारला, तरी तो घेऊन जाणारा माणूस तिकडे अडकतो. एजंटकडे काम दिलं तरी पावती घ्यावी आणि मूळ दाखला देण्याआधी त्याच्या प्रती काढून ठेवाव्यात.

तिकडे गेल्यावर

स्पॉन्सर आधी कुटुंबासाठी प्रवेश परवाना काढतो. दुबईत हे काम आमेर केंद्रांवर किंवा ऑनलाइन होतं. इतर अमिरातींसाठी वेगळं सरकारी खातं आहे. या परवान्यावर कुटुंब उतरलं की ६० दिवसांच्या आत रेसिडन्सीचं काम पूर्ण करायचं असतं. त्यात १८ वर्षांवरच्यांची वैद्यकीय तपासणी असते. रक्त तपासतात आणि टीबीसाठी छातीचा एक्स-रे काढतात. बाई गरोदर असेल तर एक्स-रेआधीच सांगावं. तपासणीनंतर एमिरेट्स आयडी आणि आरोग्य विमा ही कामं असतात. पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर आता चिकटवत नाहीत, एमिरेट्स आयडी हाच राहण्याचा पुरावा धरला जातो.

परवाना साधारण दोन वर्षांचा असतो आणि तो स्पॉन्सरच्या परवान्यापेक्षा लांब जात नाही. बायकोला नोकरी करायची असेल तर तिच्या मालकाने वेगळं वर्क परमिट काढावं लागतं.

या तारखा विसरू नका

• बाळाचा जन्म तिकडे झाला तर १२० दिवसांच्या आत त्याची रेसिडन्सी काढावी. त्याआधी भारतीय पासपोर्ट लागतो, म्हणून पहिल्या महिन्यातच धावपळ सुरू करावी.

• कुटुंब सलग १८० दिवसांपेक्षा जास्त युएईबाहेर राहिलं तर परवाना रद्द होऊ शकतो. बाळंतपणाला किंवा आजारपणात गावी आल्यावर दिवस मोजत राहावेत.

• मुदत संपून राहिल्यास रोज ५० दिरहम दंड. चौघांचं कुटुंब असेल तर दिवसाला २०० दिरहम.

नोकरी गेली तर?

कुटुंबाचा परवाना नवऱ्याच्या परवान्यावर उभा असतो. त्याची नोकरी सुटली की आधी बायको-मुलांचे परवाने रद्द होतात, मग त्याचा. त्यानंतर देश सोडायला किंवा नवी सोय करायला ठरावीक मुदत मिळते. नवऱ्याचं निधन झालं किंवा घटस्फोट झाला तर बाईला आणि मुलांना अटींवर एक वर्ष राहायची मुभा आहे. हे बऱ्याच बायकांना माहीत नसतं आणि घाबरून त्या आठवडाभरात निघून येतात.

म्हणून तिकडे जाणाऱ्या बाईने स्वतःचा आणि मुलांचा पासपोर्ट, एमिरेट्स आयडी आणि शिक्के मारलेला लग्नाचा दाखला यांचे फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवावेत. एक संच माहेरी किंवा सासरी विश्वासाच्या माणसाकडे द्यावा. अडचण आलीच तर दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात किंवा अबुधाबीतल्या दूतावासात जावं. गावातल्या नातेवाइकांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

पगाराची अट आणि शुल्क बदलत असतं. पैसे भरण्याआधी युएई सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा आमेर केंद्रात खात्री करून घ्यावी. आणि तिकीट काढायच्या आधी ग्रामपंचायतीत एक चक्कर मारावी.